डाव्या हाताची नखं

निलम्माला कोणकोणती कामं येत नाहीत याची यादी करायला राजपाल वही उघडून बसला, तेव्हा पंचायतीच्या कट्ट्यावर नुकतं ऊन आलं होतं. ऊन सरकत पायरीपर्यंत गेलं तरी वहीचं पान कोरंच होतं.

"भाकरी?" राजपालनं विचारलं.

"येते की."

"ते ठाऊक हाय गावाला. धुनं?"

"धुते."

"पान्याची घागर?"

"कमरेवर घेते. पहिल्यापास्नं डाव्याच कमरेवर घेते."

"झाडलोट?"

"त्येला कुठं दोन हात लागत्यात?"

राजपालनं पेनाला टोपण लावलं आणि आभाळाकडे बघितलं. "अक्का, तू अपंग हायस का मी?"

राजपाल हा हळ्ळीखेडच्या पंचायतीत अपंगांची कामं बघायला नेमलेला माणूस. लहानपणी पोलिओनं त्याचा एक पाय बारीक राहिला, म्हणून तो मागं जादा दोन चाकं लावलेल्या स्कूटरवरून हिंडायचा. तालुक्यात कुठल्या कचेरीत कुठला कागद अडतो, हे त्याला पाठ होतं. गावातल्या वीस-पंचवीस जणांची कामं त्यानं पाठपुरावा करून करून मार्गी लावली होती. एकटी निलम्मा तेवढी त्याच्या हाताला लागत नव्हती.

निलम्माचा उजवा हात मनगटापासून पुढे नव्हता. अठरा वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. त्यानंतर वर्षभरात नवराही गेला. पण 'बिचारी' हा शब्द तिच्या मागं कुणी उच्चारला असेल तर असेल, तोंडावर उच्चारायची छाती कुणाची झाली नाही. उरलेल्या डाव्या हातानं तिनं ज्वारीच्या कडक भाकरीचा असा काही धंदा मांडला, की रस्त्यावरच्या ईरण्णाच्या हॉटेलात रोज शंभर भाकऱ्या तिच्याच जायच्या. अपंगत्वाचं सर्टिफिकेटसुद्धा राजपालनं दोन वर्षं मागं लागून काढायला लावलं होतं, आणि ते मिळाल्यावर तिनं ते पेटीत साड्यांच्या तळाशी घालून टाकलं. पेन्शनचा अर्ज कर म्हटलं की म्हणायची, "मला काय झालंय?"

आणि आता तीच निलम्मा आपण होऊन राजपालकडे आली होती. कारण होतं तिची लेक, शैलश्री.

शैलानं रोज बसनं जाऊन-येऊन बीदरला नर्सिंग केलं होतं. कलबुर्गीच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती, राहायची सोय तिथंच. एक तारखेला हजर व्हायचं होतं. सगळं गाव पेढे खाऊन मोकळं झालं आणि मग शैलानं पिल्लू सोडलं.

"अव्वा, मी न्हाई जायची. तुला एकटीला टाकून कशी जाऊ?"

निलम्मानं समजावलं, रागावली, एक दिवस अबोलाही धरून बघितला. पण पोरगी आईवरच गेली होती. शेवटी तिनं अट घातली. "तुझी पिंचन मंजूर होऊ दे. हॉटेलच्या भाकऱ्या बंद कर. राजूबाईला पगार देऊन दोन येळा मदतीला ठेव. मग मी जाते. त्येच्या आधी न्हाई."

राजूबाई म्हणजे शेजारीण. भली बाई, पण तिला चार हात अंतरावरचं माणूस ओळखू यायचं नाही. तरी अट ती अट. पेन्शनचा अर्ज नेहमीच्या वाटेनं गेला तर आठ-दहा महिने कुठे जात नाही. आणि एक तारीख यायला नऊ दिवस उरले होते. लेकीची नोकरी त्या नऊ दिवसांत अडकून बसली होती.

"वाट हाय एक," राजपाल म्हणाला. "मंगळवारी हुमनाबादला शिबिर हाय. डॉक्टर, तहसीलचे लोक, सगळे एकाच जागी. अर्जाच्या तिसऱ्या पानावर एक चौकोन हाय बघ. 'अंगाच्या निगेसाठी दुसरं माणूस लागतं' असं लिवलंय त्येच्यात. डॉक्टरनं त्या चौकोनात बरोबरची खूण मारली, की कागद थेट पुढच्या टेबलाला. संध्याकाळच्या आत मंजुरी हातात. खूण न्हाई मारली, तर आपली नेहमीची वाट."

"मग मारू दे की खूण."

"कशी मारतील? तू तर सगळंच करतीस! म्हनून तर यादी करायलोय. डॉक्टर इचारतील, हे येतं का, ते येतं का. तू न्हाई म्हनायचं. एवढंच."

"खोटं बोलू?"

"थोडं कमी खरं बोल."

निलम्माच्या सासरच्या घरात कष्टालाच देव मानायची रीत. काम येत असून येत नाही म्हणणं तिच्या जिभेवर चढेना. राजपालनं तिला तिथंच कट्ट्यावर सराव करायला लावला. भाकरी येते का म्हटलं की तिनं "न्हाई" म्हणायचं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "पातळ येत न्हाई म्हनू का? जाड येते म्हनते."

राजपालनं कपाळाला हात लावला.

खरी पंचाईत तर वेगळीच होती आणि ती निलम्मालाच ठाऊक होती. डॉक्टरपुढे काही येत नाही म्हणायचं, पण ते शैलाच्या कानावर पडता कामा नये. कारण आईला अमुक करता येत नाही असं एकदा लेकीनं ऐकलं, की मंजुरी असो नसो, ती कलबुर्गीचं नाव काढणार नव्हती. म्हणजे आत लुळं व्हायचं आणि बाहेर पैलवान. तिनं राजपालला शपथ घालून बजावलं, की शिबिरात शैलाला बाहेरच बसवायचं.

घरी मात्र तिनं पैलवानकीचा सपाटा लावला. शैला समोर आली की निलम्मा उगाचच काहीतरी उचलायची. गव्हाचं पोतं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं. भरलेली घागर ओतून ती पुन्हा भरायला निघाली, तेव्हा शैला म्हणाली, "अव्वा, दोन्ही घागरी भरल्यात की. आता कामून चाललीस?"

"ताजं पानी बरं असतंय," निलम्मा म्हणाली आणि चालू लागली.

मधे रविवार आला. रविवारी अंघोळी झाल्या की शैला कोनाड्यातून नेलकटर काढायची. ते तिनं शाळेत असताना हुमनाबादच्या जत्रेत घेतलं होतं, त्याच्यावरचा मोर आता पुसून नुसती चोच राहिली होती. दोघी ओसरीवर बसायच्या. निलम्मा डावा हात लेकीच्या मांडीवर ठेवायची आणि शैला एकेक नख कापायची. ही पोरगी जन्माची बडबडी. झोपेतही बोलायची. पण नखं कापताना तिची जीभ दातांत धरलेली असायची आणि चकार शब्द निघायचा नाही. त्या रविवारीही तसंच झालं. पाचही नखं झाल्यावर तिनं बोटांवरून अंगठा फिरवून कुठे धार राहिली का बघितली, कपाटावरचं खोबरेल तेल आणून चोळलं आणि मगच हात सोडला.

मंगळवारी राजपालनं बजावल्याप्रमाणे निलम्मानं आधार कार्ड, रेशन कार्ड, जुनं सर्टिफिकेट आणि फोटो पिशवीत घातले. राजपालनं न सांगितलेली एक गोष्टही घेतली. पहाटे उठून तिनं तीस भाकऱ्या केल्या, शेंगाची चटणी कुटली आणि सगळं धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलं. निलम्मा कधी कुणाच्या दारात मोकळ्या हातानं गेली नव्हती. बसवजयंतीच्या दासोहाला गावजेवणात तिच्या दोनशे भाकऱ्या असायच्या, पाहुण्याकडे जायचं तर शिदोरी असायची, दवाखान्यात कुणाला बघायला जायचं तरी चार भाकऱ्या असायच्या. एवढे मोठे लोक तालुक्याला येऊन दिवसभर बसणार, त्यांनी काय खायचं? एवढाच साधा विचार तिनं केला. आपण नेमकं काय नेतोय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मायलेकी टमटमनं आणि राजपाल स्कूटरवरून हुमनाबादला पोचले. सभागृहाच्या व्हरांड्यात ही गर्दी. कुणी कुबड्यांवर, कुणी लेकाच्या पाठुंगळी, कुणी नुसतंच खांबाला टेकून. पहाटे निघून आलेली माणसं, दुपारचा एक वाजत आला तरी पोटात काही नाही. निलम्माचा नंबर अजून लांब होता. तिला राहवतंय थोडंच! तिनं फडकं सोडलं. आधी समोरच्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या हातावर भाकरी-चटणी ठेवली, मग त्याच्या सुनेच्या, मग रांगच लागली. नंबर पुकारणारा शिपाई आला, त्यालाही दिली. तो म्हणाला, "अक्का, आत डॉक्टरीणबाईंनी सकाळपास्नं नुसत्या चहावर काढलंय." झालं. चार भाकऱ्या आत गेल्या.

राजपाल झेरॉक्स काढून परत आला तेव्हा फडकं रिकामं झालं होतं आणि अख्खा व्हरांडा कुडूम कुडूम भाकऱ्या खात होता. त्यानं एकदा निलम्माकडे बघितलं, एकदा भाकऱ्यांकडे.

"अक्का, ह्या कुनी केल्या?"

"मीच की," निलम्मा म्हणाली आणि मग तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

तेवढ्यात नंबर पुकारला गेला.

आत टेबलामागं डॉक्टर मल्लेश्वरी बसल्या होत्या. भालकीच्याच असल्यामुळे मराठीत बोलायला त्यांना अडचण नव्हती. टेबलावर कागदांचा ढीग, आणि ढिगाशेजारी अर्धी खाल्लेली भाकरी. निलम्मानं डावा हात छातीला लावून "शरणु" केलं आणि भाकरीकडे न बघता स्टुलावर बसली. राजपाल मागं भिंतीला टेकून उभा राहिला. शैला ठरल्याप्रमाणे बाहेर होती.

डॉक्टरांनी जुनं सर्टिफिकेट बघितलं, मनगट दाबून बघितलं, कोपर वाकवून बघितलं. मग तिसरं पान काढलं आणि विचारलं, "अक्का, घरी कोण असतं?"

"लेक असते."

"आलीय का? बोलवा तिला. घरच्या माणसासमोरच विचारायचं असतं हे."

निलम्मानं राजपालकडे बघितलं. राजपालनं छताकडे बघितलं. शिपायानं हाक मारली आणि शैला आत येऊन आईच्या पाठीशी उभी राहिली.

आता काय करायचं? नाही म्हणावं तर लेक जायचं नाव काढणार नाही. हो म्हणावं तर मंजुरी जाणार, आणि मंजुरीमागोमाग पुन्हा लेकीची नोकरी.

"स्वयंपाक कोण करतं?" डॉक्टरांनी विचारलं.

निलम्मानं पदराचं टोक मुठीत धरलं. राजपालनं शिकवलेलं "न्हाई" जिभेच्या टोकापर्यंत आलं.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा उचलला. "आधी हे सांगा, शिपाई म्हणाला ही भाकरी तुम्ही आणलीत. कुणी केली? माझ्या आजीच्या हातची असायची अशी. वर्षानुवर्षं खाल्ली नव्हती."

आता माणसानं किती सोसायचं? वर्षानुवर्षं खाल्ली नव्हती म्हणे! निलम्माच्या तोंडून निघूनच गेलं, "माझ्याच हातची हाय."

"एका हातानं?"

"एका कशाला? हे मनगट हाय की." आणि निलम्मा सुटली. परात भिंतीला टेकवून गुडघ्यानं कशी दाबायची, पीठ डाव्या हातानं मळायचं, डाव्या पंजानं थापायची आणि मनगटानं कडेनं फिरवायची, तव्यावर टाकताना खालून हात कसा सरकवायचा, सगळं तिनं टेबलावरच्या कागदावर करून दाखवलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून सगळं बघितलं. मागं राजपालनं डोळे मिटून घेतले होते.

"आणि केस? अंबाडा कसा बांधता?"

"दातात रबर धरायचं, डाव्या हातानं वढायचं."

"साडी?"

"निऱ्या मांडीत दाबून घालते. शेजारच्या बाया माझ्याकडं बघायला येत्यात निऱ्या."

"ब्लाऊजची बटणं?"

"हुक पुढं करून घेतल्यात. दोन मिनिटात."

एकेक उत्तर तोफेसारखं. आणि प्रत्येक उत्तराला तो तिसऱ्या पानावरचा चौकोन लांब लांब जाताना निलम्माला दिसत होता, तरी तिला थांबता येईना. पाठीवर तिला शैलाचा हात जाणवला. लेकीला अभिमान वाटत होता, हे त्या हातावरूनच कळत होतं. म्हणजे निदान अर्धं काम झालं म्हणायचं, निलम्मा मनाशी म्हणाली. मंजुरी गेली तर गेली, दुसरं काही तरी करू.

डॉक्टरांनी पेन उचललं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी निलम्माचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा करून बघितला. भाकरीनं भाजून घट्टे पडलेला तळवा. आणि बोटांवर तेल लावलेली, सारखी कापलेली पाच नखं.

"आणि ह्या हाताची नखं?" त्यांनी विचारलं. "ही कोण कापतं?"

निलम्माची इतका वेळ चाललेली जीभ थांबली. पाठीवरचा हात निघाला.

"लेक कापती," निलम्मा हळू म्हणाली. "दर ऐतवारी."

डॉक्टरांनी शैलाकडे बघितलं. शैलानं मान हलवली.

"बास," डॉक्टर म्हणाल्या आणि चौकोनात खूण केली.

राजपालनं डोळे उघडले. "म्याडम, पर बाकीचं सगळं..."

"बाकीचं सगळं येतं, ते मी ऐकलं," डॉक्टर हसून म्हणाल्या. "इथं काय लिहिलंय वाचा. अंगाच्या निगेसाठी दुसरं माणूस लागतं का? सगळ्याला लागतं का, असं नाही विचारलेलं. एका गोष्टीला लागत असेल तरी लागतंच. आणि राजपाल, लोकांना लुळं व्हायला शिकवून आणू नका. सकाळपासून तीन जण माझ्यापुढे पाणी कसं प्यायचं तेसुद्धा विसरलेत."

राजपालच्या बायकोनं त्याला इतकं लाजलेलं लग्नातही पाहिलं नसेल. कागद पुढच्या टेबलाला गेला, तिथून त्याच्या पुढच्या. चारच्या सुमाराला शिक्क्याची मंजुरी निलम्माच्या हातात पडली. तिनं कागद दोनदा कपाळाला लावला. राजपाल बातमी सांगायला फोन काढून एका बाजूला गेला. तिनं लेकीला शोधलं.

शैला सभागृहाच्या मागल्या पायरीवर बसली होती. डोळे लाल.

"झालं की गं! मंजूर झाली!" निलम्मा म्हणाली. "आता कलबुर्गी."

"मी न्हाई जायची."

"आता कामून?"

"तू ऐकलंस न्हवं? डॉक्टरनं लिवून दिलंय. सगळं करतीस तू, पर ते कोन करील? कोन कापील नखं?"

"राजूबाई कापील."

"राजूबाई! तिला सुईत दोरा दिसत न्हाई. बोटच कापील तुजं. हाय तेवढा एकच हात, त्योबी बोट-बोट करून..." ती हुंदके देऊन रडायला लागली. अठरा वर्षांत या गोष्टीवर तिला कधी रडू आलं नव्हतं, ते आज डॉक्टरांच्या एका प्रश्नानं आलं होतं.

निलम्मा क्षणभर उभी राहिली. हातात मंजुरी, आणि जिच्यासाठी मिळवली ती तर पायरीला चिकटून बसलेली. मग ती लेकीशेजारी बसली. कागद गुडघ्याखाली दाबला. डाव्या हाताचा अंगठा तिनं पायरीच्या शहाबादी फरशीच्या कडेला टेकवला आणि घासायला लागली. खर्र, खर्र. चार वेळा इकडं, चार वेळा तिकडं. मग अंगठा लेकीच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ. धार हाय कुठं?"

शैलानं बघितलं. अंगठ्याचं नख गोल, गुळगुळीत घासलं गेलं होतं.

"माझा हात गेला तवा तू तीन वर्सांची," निलम्मा म्हणाली. "नेलकटर धरायला लागलीस आठव्या वर्सी, मोराचं आनलंस त्या जत्रेपास्नं. मधली पाच वर्सं कोन कापत हुतं? वाढून वाढून जमिनीला टेकली हुती काय? जात्याच्या कडेला घासायची मी. पीठ दळता दळता हुन जायचं."

शैलाचं रडणं थांबलं. ती आईकडे बघतच राहिली.

"मग मला कामून दिलास हात? तेरा वर्सं? दर ऐतवारी?"

अंगठ्यावरची फरशीची पांढरी भुकटी निलम्मानं पदराला पुसली.

"तू सारखी बडबड करायचीस. शाळेत जायचीस, मैत्रिनीकडं जायचीस, मग बीदरला जायला लागलीस. त्या नखांपुरती तेवढी गप बसायचीस, माझा हात मांडीवर घेऊन. मला लई बरं वाटायचं गं. मग म्हटलं, कापू दे. दगडावर घासता येतंय म्हनून सांगितलं असतं, तर तू बसली असतीस का?"

शैलानं आईचा हात दोन्ही हातांत धरला. मग एकदम तिच्या लक्षात आलं.

"अव्वा! मग डॉक्टरीणबाईंना खोटं बोललीस तू!"

"खोटं कुठं? लेक कापती म्हनलं. कापतीसच की."

"पर तिथं लिवलंय, दुसरं मानूस लागतं का."

"लागतंयच की," निलम्मा म्हणाली. "नखाला न्हाई लागत. मला लागतंय."

तेवढ्यात राजपाल फोन खिशात घालत आला आणि म्हणाला, "चला, टमटम भरायलीय." त्या दोघी अशा का बसल्यात आणि एकदम हसायला का लागल्या, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तीस तारखेला शैला कलबुर्गीला गेली. हॉटेलच्या भाकऱ्या बंद करायच्या अटीवर आधी दोन दिवस घासाघीस झाली आणि शंभराच्या चाळीसवर तोडगा निघाला. राजूबाई सकाळ-संध्याकाळ मदतीला यायची, पण ती येईपर्यंत निलम्माची कामं उरकलेली असायची, मग दोघी चहा पीत बसायच्या. जायच्या दिवशी बस लागली तेव्हा शैलानं पर्स उघडून मोराच्या चोचीचं नेलकटर दाखवलं.

"हे मी नेते. आनि दगडाला घासायचं न्हाई. मला कळतंय घासलेलं. दर दुसऱ्या ऐतवारी मी यायलेय, तवर वाढू दे."

निलम्मानं वाढू दिली.

दहा-बारा दिवसांनी ईरण्णा भाकऱ्या न्यायला आला. टोपलीतली एक भाकरी त्यानं उचलून उजेडात धरली. भाकरीच्या कडेला बारीक बारीक कोरी उमटल्या होत्या, नव्या चंद्रासारख्या. दुसरी उचलली, तिलाही तशाच.

"निलम्माअक्का, हे काय उमटायलंय? गिऱ्हाईक इचारायलेत."

"नखं हायत ती."

"मग कापायची की."

"परवा ऐतवार हाय," निलम्मा म्हणाली आणि टोपली त्याच्या हातात दिली. "शैला यायलीय."